डेटाबेस टाकायच्या आधी प्रोसेसर बघून घ्या ना भाऊ

सीताबर्डीतून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप असो की इतवारीतल्या दुकानातला जुना बिलिंगचा पीसी, डेटाबेसचा सेटअप डाउनलोड करायच्या आधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा आणि 'सिस्टीम टाइप'ची ओळ पूर्ण वाचा, अर्धी नको, कारण त्यात आधी विंडोज किती बिटचं ते येते आणि स्वल्पविरामानंतर प्रोसेसर कोणता ते. तिथं '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' दिसलं (एक्स६४ म्हणजे इंटेल-एएमडीचा ६४-बिट प्रकार) तर प्रोसेसर चांगला आहे, फक्त विंडोज ३२-बिट टाकून ठेवलंय, मग नवा पीसी घ्यायच्या खर्चात पडू नका, बॅकअप घ्या आणि ६४-बिट विंडोज नव्यानं टाका, वरच्यावर अपग्रेड नाही होत. हे करावंच लागते कारण मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर त्याच्या २०१६ व्हर्जनपासून फक्त एक्स६४ वर चालते, आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा विंडोजवाला ३२-बिट इन्स्टॉलर व्हर्जन १० नंतर बंदच झाला.

डाउनलोडच्या पानावर एएमडी६४ (एक्स६४चंच दुसरं नाव) दिसलं की इंटेलवाले पोरं अडतात, पण तीच फाइल इंटेलवरही चालते, बिनधास्त घ्या. एआरएम६४ (एआरएम जातीच्या प्रोसेसरची फाइल) मात्र वेगळी गोष्ट आहे, ती एम१ किंवा त्यापुढच्या मॅकसाठी, स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपसाठी, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी. स्नॅपड्रॅगन घ्यायचा विचार असेल आणि कॉलेजात एसक्यूएल सर्व्हर शिकवत असतील तर पैसे द्यायच्या आधीच थांबा, विंडोजवर एसक्यूएल सर्व्हरचं इंजिन, म्हणजे मुख्य डेटाबेस प्रोग्रॅम, एआरएमसाठी येत नाही.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये युनेम डॅश एम (uname -m) मारा, पण ते फक्त कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं सांगते, रास्पबेरी पायवर कर्नल ६४-बिट आणि बाकी सगळं ३२-बिट असंही असते, म्हणून उबुंटू-डेबियनवाल्यांनी डीपीकेजीला आर्किटेक्चर (dpkg --print-architecture) विचारलेलं बरं.

मोंगोडीबी हा डेटाबेस लागत असेल तर अजून एक पायरी आहे आणि इथंच सगळ्यात जास्त लोकं फसतात. व्हर्जन ५.० पासून एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीवर, एव्हीएक्स (प्रोसेसरमधल्या जास्तीच्या सूचनांचा संच) असलेला प्रोसेसर लागते, जुन्या बऱ्याच पेंटियम-सेलेरॉनमध्ये ते नाही, मग ६४-बिटची बरोबर फाइल टाकूनही सर्व्हिस सुरू होताच 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडते आणि माणूस रात्रभर कॉन्फिग फाइल तपासत बसते. लिनक्सवर एलएससीपीयू (lscpu) मारून फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स आहे का ते आधीच शोधा. रास्पबेरी पाय ४ वरही ५.० ची अधिकृत फाइल चालत नाही, त्याला त्याहून नवा एआरएम लागते.

जुना डेटा न्यायचा असेल तर डेटा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकू नका बाप्पा, पोस्टग्रेसमध्ये ३२-बिटचं फोल्डर ६४-बिटवर उघडत नाही, जुन्या मशीनवर पीजी-डंप (pg_dump, पोस्टग्रेसचा बॅकअप काढायची कमांड) वापरून डेटा काढा, फाइल आली का, तिचा साइज शून्य तर नाही ना हे बघा, मगच जुनं पुसा.

आणि एक्सेल किंवा ॲक्सेसमधून जोडायचं असेल तर ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम) विंडोजच्या बिटचा नाही, ऑफिसच्या बिटचा घ्यायचा. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिटवालं ओडीबीसी पॅनल सिसवाउ६४ (SysWOW64) फोल्डरमध्ये असते आणि ६४-बिटवालं सिस्टीम३२ मध्ये, नाव वाचून उलटं वाटते पण तसंच आहे, म्हणून डीएसएन (जोडणीची साठवलेली माहिती) बनवला तरी एक्सेलमध्ये दिसत नसेल तर दुसरं पॅनल उघडून तिथं बनवा.