कर्नलचं बिल्ड फसतंय? कोडला शिव्या द्यायच्या आधी घड्याळ बघा

परभणीत माझ्याकडं एक जुना डेस्कटॉप आहे, त्याच्यावर लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः बिल्ड करायचं, म्हणजे सोर्स कोडपासून बनवायचं खूळ मला मागच्या उन्हाळ्यात लागलं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडं लाइटीचा काय भरोसा, बिल्ड निम्म्यात आलं की गेली लाइट. पुन्हा चालू केलं की दर वेळी वेगळीच बोंब. दोन दिवस मी कोडमधी दोष हुडकत बसलो, अन् दोष निघाला मदरबोर्डवरच्या सेलचा.

आधी एक सांगतो, स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचून काही कळत नाही. बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे मेक, तो मेक -जे८ असा चालवला की आठ कामं एकदमच चालतात, खरा एरर शे-दोनशे ओळी वर राहतो. म्हणून पुन्हा मेक -जे१ नं चालवा, जिथं अडकंल तिथंच खरी गोष्ट लिहिलेली असती. दर वेळी त्याच फाइलवर अडकत असंल तर कोड, कॉन्फिग नाहीतर एखादं पॅकेज राहिलंय (फ्लेक्स, बायसन, ओपनएसएसएलच्या हेडर फाइली, हे नेहमीचे गडी). दर वेळी नव्या जागी सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रॅम मेमरीत चुकीच्या जागी हात घालून मरणं) येत असंल तर रॅमवर संशय घ्या, रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट लावून ठेवा. अन् नुसतं 'किल्ड' म्हणून मेलं तर मेमरी संपली, डीमेसेज (कर्नलचा लॉग) मधी दिसंल, जे चा आकडा कमी करा. डिस्क पण बघा, डीबग इन्फो चालू असलं तर दहा-वीस जीबी कुठं गेले कळत पण नाही.

आता घड्याळ. मेक काही फाइल उघडून वाचत बसत नाही, ते नुसती तारीख-वेळ बघतं, सोर्स फाइल तिच्यापासून बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असली तर कंपाइल करतं, नसली तर सोडून देतं. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवतो तो हा सेल, तोच मेलेला, म्हणून लाइट गेली की पीसी थेट कितीतरी वर्षं मागं जातो, आणि टारबॉलमधल्या (सोर्स कोडच्या डाउनलोड केलेल्या गठ्ठ्यातल्या) फाइलींवर मात्र खरी तारीख असती, म्हणजे मेकच्या हिशेबानं त्या सगळ्या भविष्यातून आलेल्या. मग 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' अशी वॉर्निंग येती, जिला आपण बिनधास्त सोडून देतो. वॉर्निंग आहे म्हणून बिल्ड थांबत नाही, पण अर्धवट होऊ शकतं, अन् तुम्ही बदललेली फाइल कंपाइलच होत नाही, आपण म्हणतो बदल केला तरी फरक कामून पडंना. एचटीटीपीएसवरून डाउनलोड पण फसतं, कारण सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं म्हणतं.

तपासायला टाइमडेटसीटीएल चालवा. लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम (यूटीसी) आणि आरटीसी टाइम (मदरबोर्डवरच्या घड्याळाच्या चिपची वेळ), तिन्ही बघा. आरटीसी आणि युनिव्हर्सल सारखे पाहिजेत. आरटीसी बरोबर साडेपाच तास पुढं असंल तर सेल नाही, विंडोजची करामत, ड्युअल बूट असलं की विंडोज त्या चिपमधी भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स तिलाच यूटीसी समजून वर अजून ५:३० लावतं. नेट आलं की वेळ मागं सरकती, पण तोवर बनलेल्या फाइली पुढच्या वेळंच्याच राहतात.

किती सेकंद फरक आहे हे, नेटवरून वेळ जुळवणारं क्रोनी टाकलेलं असंल तर, क्रोनीसी ट्रॅकिंग ही कमांड सांगते. त्या चिपच्या घड्याळाचा क्वार्ट्झचा स्फटिक ३२७६८ हर्ट्झवर चालतो, २० पीपीएमची (दहा लाखात वीस) चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, अन् आपल्या ४२-४३ डिग्रीत तो जरा हळूच चालतो, पण एवढ्यानं बिल्ड फसत नसतं. तास, दिवस, वर्षं चुकली तर सेल बघा. सीआर२०३२ म्हणतात, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडं पण मिळतो. पीसीचा प्लग काढून बदला, मग नेटवरून वेळ घ्या, आणि एचडब्ल्यूक्लॉक --सिस्टोएचसी चालवून ती चिपमधी लिहा.

जुनं बिल्ड मात्र ठेवू नका. मेक क्लीन करून (बनलेल्या फाइली पुसून) पहिल्यापासून चालवा, नाहीतर फाइंड मधी -न्यूअरएमटी नाऊ देऊन भविष्यातल्या फाइली हुडका आणि त्यांना टच मारा, म्हणजे त्यांच्यावर आत्ताची वेळ पडंल. मी सरळ क्लीन केलं, रात्री अकराला लावलं, इन्व्हर्टर लावून, सकाळी उठलो तर कर्नलची नवी इमेज तयार होती.