घरखर्चात या चुका टाळा: काटकसर करूनही पैसे का उरत नाहीत

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात बचतीची सुरुवात दुधापासून झाली. दीड लिटरचं एक लिटर केलं, मुलांचा रात्रीचा कप बंद केला, सासूबाईंनी तर न सांगता दुपारचा चहा सोडला. महिनाअखेरीला हिशोब मांडला तर दुधाचे नऊशे वाचलेले, पण त्याच महिन्यात क्रेडिट कार्डाच्या व्याजात पाचशे गेलेले आणि लाईट बिल आधीपेक्षा चारशेने जास्त. म्हणजे मुलांच्या तोंडचं दूध काढून ते पैसे आम्ही व्याजात आणि बिलात भरले. त्या रात्री मला झोप नाही लागली. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये, की हात आखडायची वेळ आली की आपण रोज डोळ्यासमोर दिसतं ते आधी कापतो, दूध, फळं, रिक्षा, आणि जे दिसत नाही ते आपलं गळतच राहतं.

"किरकोळ" लिहून मोकळं होणं

पहिल्या महिन्यात काहीच कापू नका, फक्त लिहा. शाळेची शंभर पानी वही चालते. रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी आपापल्या फोनमधले पेमेंट वाचून दाखवायचे आणि एकाने लिहायचं, कारण रोख पैसे देताना हात थांबतो, स्कॅन करताना थांबत नाही, वीस-तीस रुपये कुठे गेले ते दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. आणि मेहरबानी करून "किरकोळ" नावाचा रकाना करू नका. मी केला होता, महिन्याला तेवीसशे रुपये निघाले त्यात! मग एकेक फोडून लिहिलं तेव्हा कळलं की निम्मं घरपोच मागवण्यात जातंय, एक कोथिंबिरीची जुडी आणि दही मागवायचं, वर डिलिव्हरी चार्ज, हँडलिंग चार्ज, आणि फ्री डिलिव्हरीला चाळीस कमी पडतात म्हणून चिप्सचं पाकीट.

लाईट बिल वाढलंय आणि आपण दिवे बंद करत फिरतोय

दिवे बंद करावेतच, पण ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिटच्या आत राहतो. खाणारे वेगळे असतात. हिशोब सोपा आहे, १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. २००० वॅटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. जुना पंखा ७५ वॅटचा, तो रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट, आणि कमी वीज खाणारा नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो म्हणजे ११ युनिट.

आता यातली खरी मेख. महावितरणचे घरगुती टप्पे आहेत, १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. बऱ्याच जणांना वाटतं शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागड्या दराने लागतं. तसं नाहीये, पहिल्या शंभराला कमीच दर लागतो, फक्त वरच्या युनिटांना पुढचा दर लागतो, पण तो जवळपास दुप्पट आहे. म्हणून तुमचं रीडिंग १३० येत असेल तर वाचवायची ती वरची तीस, कारण तीच महाग आहेत. पंखा बदलून १६ युनिट वाचली तर ती या महागड्यातली वाचतात आणि पंख्याचे पैसे दीड-दोन वर्षांत निघतात. सगळे पंखे एकदम बदलू नका, ज्या खोलीत घरचे जास्त वेळ बसतात तिथला आधी. ज्यांचं बिल मुळातच शंभर युनिटच्या आत आहे त्यांनी जुना पंखा चालतोय तोवर चालवावा, त्यांचे पैसे निघायला फार वर्षं जातील.

बिल अचानक फुगलं तर भांडायला जायच्या आधी बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळतो का बघा. घर बंद होतं किंवा रीडिंग मिळालं नाही म्हणून सरासरीचं बिल आलेलं असू शकतं, मग पुढच्या महिन्यात सगळं एकदम येतं. मीटरचा तारखेसहित फोटो काढून ठेवायची सवय लावा, तक्रार करायची वेळ आली तर तो हातात लागतो.

सिलेंडर महिनाभरही पुरत नाही

आधी मोजा. नवीन सिलेंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचा, तीन सिलेंडर असे मोजले की आपल्या घराला किती दिवस जातो ते कळतं. एखादा मधेच आठ दिवस आधी संपला तर काहीतरी बिघडलंय. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, दोन्हीची बेरीज म्हणजे भरलेल्याचं वजन. घेताना वजन करून मागायचा आपल्याला हक्क आहे, डिलिव्हरीवाल्या दादांना नीट सांगितलं तर करून देतात. लाजू नका, पैसे आपण मोजतोय.

वजन बरोबर असेल तर शेगडीकडे बघा. पातेल्याची बुडं काळी होतायत का? ज्योत पिवळी येत असेल तर गॅस नीट जळत नाहीये. माझ्या शेगडीचा मोठा बर्नर असाच झाला होता, दूध उतू गेलेलं भोकांत सुकून बसलेलं. बर्नर गार झाल्यावर काढला, गरम साबणाच्या पाण्यात तासभर ठेवला, साडीच्या पिनेने एकेक भोक मोकळं केलं, जुन्या टूथब्रशने घासला, पूर्ण वाळवला, आणि लावल्यावर ज्योत निळी सरळ उभी राहिली. तेवढ्याने आमचा सिलेंडर चार दिवस जास्त गेला. पाईपला गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून कधीच बघू नका. रबरी पाईप पाच वर्षांनी बदलायचा असतो, तिथे काटकसर नको.

बाकी आपल्याला माहीतच असतं पण घाईत राहतं, डाळ अर्धा तास आणि छोले-राजमा रात्रभर भिजवा, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, फ्रीजमधलं दूध थोडं आधी बाहेर काढा.

किराण्यात स्वस्त दिसतं ते घेणं

मोठा पॅक स्वस्तच पडतो हे डोक्यातून काढून टाका. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे काय दर पडतो ते छापलेलं असतं, बारीक अक्षरात असतं पण असतं, तेच वाचायचं. तेलात सगळ्यात जास्त फसगत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तशाच दिसणाऱ्या पिशव्या ८५० आणि ८०० ग्रॅमच्याही येतात. डब्याचंही तेच, १५ लिटरचा डबा म्हणजे साधारण साडेतेरा किलो आणि १५ किलोचा डबा म्हणजे साडेसोळा लिटरच्या आसपास, दोन्हीला आपण "पंधराचा डबा" म्हणतो आणि शंभर रुपये कमी म्हणून चुकीचा उचलून आणतो.

मॉलमध्ये महिन्याचं सामान भरायला जाताना यादी लिहून न्या, जेवून जा, आणि जमलं तर एकानेच जा. रविवारी सगळं कुटुंब घेऊन गेलं की दोन हजाराची यादी साडेतीन हजारांवर जाते, हे मी माझ्या वहीत सलग चार महिने बघितलंय.

वर्षाचं धान्य भरण्याबद्दल मात्र मला जरा सावध बोलावंसं वाटतं. एप्रिल-मेमध्ये गहू भरला, नवी तूर आली की डाळ करून घेतली तर स्वस्त पडतं हे खरंच आहे, आमच्या आईने आयुष्यभर तेच केलं. पण आईकडे कणग्या होत्या, अंगण होतं, ऊन द्यायला माणसं होती. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात पलंगाखाली ठेवलेल्या गव्हात श्रावणापर्यंत पोरकिडे होतात आणि वाचलेले सगळे पैसे निवडण्यात नि फेकण्यात जातात. त्यात उसने पैसे काढून भरलं असेल तर विचारूच नका. तीन महिन्यांचं भरा, कडकडीत ऊन द्या, कोरड्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, डाळीला एरंडेल चोळून ठेवा.

आणि ताटातून डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध काढू नका. वहीत बघा, बिस्किटं, फरसाण आणि कोल्ड्रिंक मिळून डाळीपेक्षा जास्त होतात बऱ्याच घरात. अर्धा किलो मटकीला मोड आणले तर चार माणसांची दोन वेळची उसळ सहज होते.

मिनिमम ड्यू भरून निवांत होणं

ही चूक आम्हाला सगळ्यात महागात पडली म्हणून आकडे मांडूनच सांगते. समजा कार्डाचं बिल १२,००० आलं आणि पाच टक्के म्हणजे ६०० मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात निदान भरावीच लागणारी रक्कम, तेवढीच भरली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ४२० झाले, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी साधारण ७५. म्हणजे ६०० भरले त्यातले ४९५ व्याज-टॅक्सात गेले आणि कर्ज कमी झालं फक्त १०५ रुपयांनी! वर बाकी थकलेली असताना नवीन काही घेतलं तर त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे मिळत नाही. आम्ही शेवटी सोन्याची अंगठी बँकेत तारण ठेवली, कमी व्याजाचं कर्ज काढून कार्ड एका फटक्यात फेडलं आणि कार्ड कपाटात ठेवून दिलं. अंगठी अकरा महिन्यांनी सोडवली. घरात कार्डाची बाकी असेल तर दुधाच्या पिशवीला हात लावायच्या आधी ही बाकी संपवा.

वर्षातून एकदा येणारे खर्च "तेव्हा बघू" म्हणून सोडणं

बजेट जूनमध्ये कोसळतं, मार्चमध्ये नाही. माझ्या वहीतले आकडे असे होते: शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट मिळून १४,०००, दिवाळी ८,०००, गौरी-गणपती ४,०००, गाडीचा विमा २,०००, घरपट्टी ३,२०० आणि लग्नं-बारशी, आहेर, गावची जत्रा मिळून ४,८००. बेरीज ३६,०००, म्हणजे महिन्याला ३,०००. आम्ही महिन्याचं बजेट करताना हे तीन हजार धरतच नव्हतो, त्यामुळे दर महिन्याला उरल्यासारखे वाटायचे आणि जून उजाडला की कार्ड घासलं जायचं. आता पगार झाला की दुसऱ्या दिवशी बँकेच्या रिकरिंगमध्ये जातात. तीन हजार जमत नसतील तर हजाराने सुरू करा, फक्त शाळेपुरते. भिशी चालते, पण ओळखीच्या बायकांची, रोज एकमेकींचं तोंड बघणाऱ्यांची, जास्त परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या अनोळखी योजनेत एक रुपयाही घालू नका. घरपट्टी आधी भरली तर बऱ्याच महापालिका सूट देतात, तेही बघून ठेवा.

गोळ्या दिवसाआड घेणं

हे लिहिताना मला राग आणि वाईट दोन्ही वाटतं, कारण आपल्याकडे घरातली मोठी माणसं गुपचूप हेच करतात. बीपीची गोळी रोजची असते, ती दिवसाआड घेऊन महिन्याला शे-दोनशे वाचतात आणि एक दिवस दवाखान्यात सगळं घर रिकामं होतं. गोळी कमी करू नका, गोळीची किंमत कमी करा. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जन औषधी केंद्रात विचारा, तिथे तेच औषध बऱ्याचदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. सासूबाईंच्या डब्यात मी आता दर रविवारी गोळ्या मोजते, त्यांना आवडत नाही, पण मोजते.

सगळं करूनही पुरत नसेल तर

मग दोष तुमच्या काटकसरीत नाहीये, उत्पन्नच कमी पडतंय, आणि अशा वेळी हक्काचं सोडून देणं ही चूक आहे. रेशनच्या प्राधान्य गटात असाल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट आहे, पण लग्न होऊन आलेल्या सुनेचं किंवा नव्या बाळाचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं, ई-केवायसी राहिलेली असते, आणि महिन्याला पाच-दहा किलो आपलं हक्काचं तसंच जातं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, तरी सवयीने खाजगी गाडीला दुप्पट पैसे देणारी घरं मी बघितलीयेत. मोठं आजारपण आलं तर उसनवारी करायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का विचारा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये या योजनेची मदत करायला बसलेल्या माणसाला, भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. म्हणून ती दोन्ही आत्ताच काढून बघा, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे ना, नसेल तर आजारपण यायच्या आधी दुरुस्त करून घ्या.