वॉर्डात साथ असताना सोबतीला राहायचं असेल तर

मी पुण्यात ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली शेवटची ९ वर्षं इन्फेक्शन कंट्रोलला. हे खातं म्हणजे हॉस्पिटलातली खाष्ट सासू. वॉर्डावॉर्डातून फिरायचं, कोण हात धुतंय आणि कोण नुसतं धुतल्यासारखं करतंय ते बघायचं, आणि वर सगळ्यांची बोलणी खायची. रिटायर झाले तशी बोलणी थांबली आणि फोन सुरू झाले. “ताई, ह्यांना अ‍ॅडमिट केलंय आणि शेजारच्या तिघांना जुलाब लागलेत, काय करू?” दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून काढलं.

भिंतीवरच्या पोस्टरात सूचना असतात त्या भेटायला येणाऱ्यांसाठी. आपल्याकडे चार वाजता पास घेऊन येणारे येतातच, पण खरा माणूस सोबतीचा. तो रात्री दोन कॉटच्या मध्ये चटई टाकून झोपतो, पेशंटला भरवतो, भांडं देतो, युरिन बॅग रिकामी करतो. निम्मं नर्सिंग त्याच्याच हातून होतं आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. हे लिहिलंय ते मुख्यतः त्याच्यासाठी.

वॉर्डात साथ आहे असं कानावर आलं की सिस्टरना गाठून एकच विचारा: “ही हातानं पसरते, खोकल्याच्या थेंबांनी, की हवेतून?” आजाराचं इंग्रजी नाव कळलं नाही तरी चालेल, या प्रश्नाचं उत्तर मात्र हवंच, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जुलाब-उलट्यांची साथ, जखमेत पू करणारे चिवट जंतू, कँडिडा ऑरिस नावाची ती औषधांना दाद न देणारी बुरशी, हे सगळे हातांवरून आणि वस्तूंवरून फिरतात. फ्लू, घटसर्प, डांग्या खोकला मुख्यतः थेंबांवाटे, म्हणजे जवळ बसणाऱ्याला धोका जास्त. टीबी, गोवर आणि कांजिण्या हवेतून. गोवराचा पेशंट खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. आणि डेंग्यूच्या वॉर्डात हात कितीही धुतलेत तरी उपयोग नाही, तिथे मच्छरदाणी लागते, आणि तीसुद्धा दिवसा, कारण तो डास मुख्यतः दिवसा चावतो. तापाच्या दिवसांत पेशंटला दुपारी जाळीत झोपवा. लोक हसतात, हसू देत.

मी सर्वांत जास्त बघितली ती हातावरची साथ. म्हणून हातांवर जरा रेंगाळते.

सॅनिटायझरचे दोन थेंब घेऊन बोटांची टोकं चोळायची ही पद्धत सोडून द्या. तळहाताचा खळगा भरेल एवढं घ्यायचं आणि हात आपोआप कोरडे होईपर्यंत, २० ते ३० सेकंद, चोळत राहायचं. साबणानं धुणार असाल तर पाण्यासकट ४० ते ६० सेकंद. अंगठा सगळे विसरतात. एका हाताच्या मुठीत दुसऱ्याचा अंगठा धरून फिरवा. नखांची टोकं तळहातावर घासा. बांगड्या आणि घड्याळ मागे सरकवा, अंगठी काढून पर्समध्ये टाका. आणि एवढं सगळं नीट करून झालं की बायका हात पदराला पुसतात! त्या पदरानं सकाळपासून काय काय पुसलेलं असतं. कागदी रुमाल नसेल तर हात हवेत झटकून वाळवा, नाहीतर रोज धुतलेला छोटा पंचा फक्त हातांसाठी ठेवा.

जुलाबाची साथ असेल तर सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका. नोरोव्हायरससारख्या विषाणूवर ते नीट चालत नाही, आणि अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणारा जो एक जंतू आहे, सी. डिफिसिल, त्याच्या बीजाणूंवर अजिबातच चालत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणी. बेसिनवर साबण नसेल तर मागा, नाही मिळाला तर घरून आणा. पण वडी ओल्या डबीत लोळत ठेवू नका, लिक्विडची छोटी बाटली बरी.

एका पुरुष वॉर्डात आम्ही जुलाबाचं मूळ शोधत चार दिवस फिरत होतो. जेवण तपासलं, टाकी तपासली. शेवटी रात्रपाळीच्या मावशींनी दाखवलं. नातेवाइकांनी आपापसांत पैसे काढून कोपऱ्यात प्यायच्या पाण्याचं पिंप ठेवलं होतं, आणि त्यात एकच स्टीलचा गडू. संडासला जाऊन आलेला माणूस मनगटापर्यंत हात बुडवून तो गडू भरत होता. साथ तिथूनच आली असं मी छातीठोक सांगणार नाही, पण आम्ही पिंप हलवलं आणि त्याच आठवड्यात नवे पेशंट यायचे थांबले. तेव्हापासून माझा सल्ला एकच: स्वतःची बाटली. समाईक पाणी असेलच तर नळाचं पिंप नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं.

दुसरी गोष्ट अंगाऱ्याची. एक आत्याबाई भावाला भेटायला आल्या. पुडीतला अंगारा अंगठ्यानं भावाच्या कपाळाला लावला. शेजारच्या आजोबांनी आशेनं पाहिलं, म्हणून त्यांनाही लावला. मग पलीकडच्या पोराला. सहा बेड झाले, अंगठा तोच, आणि दोघांच्या कपाळावर घामोळ्याच्या पुटकुळ्या. मी धावत जाईपर्यंत त्या सातव्या बेडपाशी. रागवायचं कसं? माउली सगळ्यांचं भलं करायला निघालेली. त्यांना म्हटलं, “आत्या, पुडी बांधून उशीखाली ठेवा, देव तिथूनही बघतो.” त्यांना ते पटलं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. प्रसाद, अंगारा, तीर्थ, जे काही असेल ते आपल्याच पेशंटपुरतं, आणि हात धुऊन. दुसऱ्याच्या पेशंटला हात लावून आधार द्यायचा मोह साथीच्या दिवसांत आवरा. लांबून विचारपूस करा.

आता कामं. युरिन बॅग आधी, कारण तीच सगळ्यात जास्त चुकते. बॅग नेहमी कमरेच्या खाली लटकलेली हवी आणि जमिनीला टेकलेली नको. कॉटच्या खालच्या लोखंडी पट्टीला अडकवा. वर-खाली होणाऱ्या कठड्याला नको, कठडा उचलला की बॅगही वर जाते. एक्स-रेला नेताना मामा (वॉर्डबॉय) घाईत बॅग उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. तसं झालं की नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते, आणि तिच्याबरोबर जंतूही. म्हणून स्ट्रेचर यायच्या आधी बॅग रिकामी करून घ्या आणि वाटेत ती खालीच लटकतेय ना ते बघा. रिकामी करताना खालची तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही. प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं. शेजाऱ्याचं ‘जरा द्या हो’ म्हणून मागायचं नाही. आधी हात, मग हातमोजे, काम झालं की मोजे काढून पुन्हा हात. मोजे घालून दिवसभर फिरणारे आणि त्याच मोज्यांनी मोबाइल बघणारे मी रोज पाहिलेत. त्यापेक्षा उघडे, धुतलेले हात बरे.

सलाईनच्या सुईच्या जागेला तुम्ही फक्त डोळ्यांनी बघायचं. लाल झालीय, सुजलीय, दुखतेय, पट्टी ओली आहे किंवा सुटलीय, असं दिसलं की लगेच सिस्टरना सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. नळी जोडणं, सोडवणं, सलाईन संपली म्हणून चाक बंद करणं, हे आपलं काम नाही. उलटी झाली तर चादरीनं पुसू नका, मावशींना बोलवा. तिथे क्लोरीनचं पाणी टाकून ठरावीक वेळ ठेवावं लागतं. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग २०१६च्या नियमांनी ठरलेत. रक्त-पू लागलेला कापूस आणि वापरलेले मास्क पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या टणक डब्यात. केळ्याचं साल यातल्या कशातही टाकू नका, त्याचा डबा वेगळा असतो.

पेशंटचं उष्टं खायचं नाही. सांगताना मलाही संकोच वाटतो, कारण आपल्या घरांतून नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं संपवणारी बाई अजून आहे. साथ असेपर्यंत ते बंद. डबा वॉर्डाबाहेर जाऊन खा, पेशंटच्या कॉटवर मांडी घालून नको. दोन चादरी ठेवा, एक चटईवर अंथरायची, एक पांघरायची, आणि त्यातली एकही पेशंटच्या बेडवर जाता कामा नये. घरी परतलात की कपडे थेट धुवायला, अंघोळ, आणि मगच लेकरू कडेवर.

मास्कबद्दल. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी इथे पुण्यातच घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागलं. रुमालाची घडी नाकाखाली, आणि बोलायला म्हणून दर दोन मिनिटांनी खाली. थेंबांवाटे पसरणाऱ्या आजारात साधा सर्जिकल मास्क पुरतो, नाक झाकलेलं असेल तर. टीबी किंवा गोवराच्या खोलीत जाणाऱ्याला एन-९५ लागतो आणि त्याच्या कडा चेहऱ्याला घट्ट बसायला हव्यात. जोरात श्वास सोडून बघा, कडेनं वारा लागला तर तो बसलेला नाही. दाढीवर तो कधीच बसत नाही. टीबीच्या पेशंटला तपासणीसाठी बाहेर नेताना त्याच्या तोंडाला साधा मास्क पुरे. गोवर किंवा कांजिण्यांच्या पेशंटजवळ ज्याला तो आजार होऊन गेलाय किंवा ज्याची लस पूर्ण झालीय त्यालाच ठेवा. कांजिण्या न झालेल्या गरोदर सुनेला तर बिलकूल पाठवू नका, घरात दुसरं कुणी नसेल तर शेजाऱ्याला विनवा.

लोक कशाला घाबरतील याचाही नेम नसतो. २०२५च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात हातापायांतली ताकद जाते) पेशंट वाढले तेव्हा एका बाईंना सोसायटीत लिफ्ट वापरू देईनात, कारण त्या जीबीएसच्या पेशंटजवळ राहून आल्या होत्या. जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याच्या आधी पोट बिघडवणारा जो जंतू पाण्यातून, अन्नातून गेला, त्याच्यापासून जपायचं; म्हणजे पाणी उकळून आणि संडासनंतर साबण. मास्कचा तिथे संबंधच नव्हता.

आता अवघड काम: नातेवाइकांना थोपवणं. साथीत सोबतीला एक माणूस, फार तर पाळीनं दोन, आणि तेच दोघे रोज. रोज नवा चेहरा म्हणजे रोज नवे हात. पण ‘भेटायला गेलो नाही तर काय म्हणतील’ हे आपल्या हाडात आहे. माझं तयार वाक्य घ्या: “काका, सिस्टरनी सगळ्यांनाच बंदी केलीय. घरी आलो की चहाला या, निवांत बसू.” सगळा दोष सिस्टरच्या माथी मारा, आम्हाला सवय आहे. १२ वर्षांखालच्या मुलांना आणू नका. ज्याला ताप, खोकला, डोळे आलेत किंवा जुलाब लागलेत त्यानं येऊ नये; जुलाब-उलटी थांबल्यावरही ४८ तास जाऊ द्यावेत. सोबतीच्या माणसालाच जुलाब सुरू झाले तर पास जाईल म्हणून लपवू नका. असे लपवणारे मला दर साथीत भेटले.

डॉक्टरांना हात धुवायला सांगायचं का? सांगायचं. १८४७मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात बाळंतिणी मरत होत्या आणि डॉक्टर शवविच्छेदन करून थेट त्यांना तपासायला येत होते. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांना ते अपमानास्पद वाटलं होतं. आजच्यांना वाटलं तर वाटू दे, पण सांगायची रीत असते. सॅनिटायझरची बाटली पायथ्याशी ठेवा आणि राउंड आला की ती पुढे करत म्हणा, “सर, घ्या ना.” प्रसादासारखी पुढे केलेली बाटली कुणी नाकारत नाही.

अ‍ॅडमिट करताना मागच्या काही महिन्यांत दुसऱ्या हॉस्पिटलात होता का, कुठली अँटिबायोटिक्स झाली, घरात कुणाला जुलाब किंवा पुरळ आहे का, हे न विचारता सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या रात्री घरी वस्तऱ्यानं केस काढून येऊ नका. बारीक कापांतून जंतू शिरतात. केस काढायची गरज असेल तर ते आम्ही मशीननं काढतो. आणि ‘एक अँटिबायोटिक वरचं लिहून द्या’ असा हट्ट धरू नका, सी. डिफिसिलचे जुलाब तिथूनच सुरू होतात.

घरी जायच्या दिवशी सगळे बिलाच्या रांगेत असतात. त्या गडबडीत एवढं करा. पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवलं असेल तर ते कोणत्या जंतूसाठी होतं हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट फाइलला लावा, बिलाच्या खाली. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर तिथल्या सिस्टरना तो कागद पहिल्याच दिवशी दाखवा.