कढीपत्त्यावरच्या अळ्या, फवारा न मारता
दर पावसाळ्यात आमच्या कढीपत्त्याचा नुसता खराटा व्हायचा, फोडणीला पान मिळेना. शेजारच्या काकू म्हणाल्या फवारा मार, पण त्या अळ्या कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या, जिवावर आलं. लहानपणी सेम पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि बोट लावलं की डोक्यामागून लाल दुशिंगी काहीतरी बाहेर काढतात, वास असला उग्र की बास! मग बुडाशी आलेले फुटवे मुळासकट काढून वेगळ्या कुंड्यांत लावले, आता अळी दिसली की पानासकट तिकडे ट्रान्सफर, मोठं झाड स्वयंपाकाला. थोड्या बुलबुल उचलतात, चालायचंच. ब्लू मॉरमॉनसाठी (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू) लिंबू पण लावलंय, पण साहेब अजून फिरकले नाहीत.