सोलापुरात पोरांकडून रशियन गोष्टीचा ऑपेरा बसवायचाय? असा बसवा

ऑपेरा म्हटलं की लोकं आधीच घाबरतात, म्हणून पहिलं तेच सांगतो. आपल्या संगीत नाटकात मधे मधे गद्य असतं, ऑपेरात सगळंच गायचं असतं, अगदी "दार उघड गं" हे पण, बाकी फार मोठा फरक नाही. गोष्ट गाऊन सांगायची तर आपल्याला जुनी सवय आहे, भारुड झालं, गोंधळ झाला, आजीच्या जात्यावरच्या ओव्या झाल्या. रशियात मुलांसाठी हे फार मनापासून झालंय, नतालिया सात्स नावाच्या बाईंनी १९६५ साली मॉस्कोत खास मुलांसाठी संगीत नाट्यगृह सुरू केलं आणि त्याचा पहिला प्रयोगच लोककथेवरचा ऑपेरा होता.

आता गोष्ट कुठली घ्यायची. अफानास्येव्ह या माणसानं १८५५ ते १८६३ मध्ये रशियन लोककथांचा मोठा संग्रह छापला, साधारण सहाशे गोष्टी आहेत त्यात, पण मुलांसाठी निवडताना एकच बघायचं, गोष्टीत परत परत येणारी ओळ आहे का. ती ओळ म्हणजेच तुमचं ध्रुवपद, पोरं ती दोन दिवसांत पाठ करतात आणि मग बाकीचं पाठांतर निम्मं होतं. पहिली-दुसरीची मुलं असतील तर रेप्का घ्या, आजोबा सलगम लावतात, ते एवढं मोठं होतं की उपटत नाही, मग आजी, नात, कुत्रा, मांजर असे एकामागून एक येतात आणि शेवटी उंदीर येतो तेव्हा निघतं. आपल्या पोरांनी सलगम बघितलेला नसतो, एकदा दाखवा बाजारात मिळाला तर, पण गोष्टीत मुळा करू नका. "ओढा ओढा, निघंना, ओढा ओढा, निघंना" एवढंच ध्रुवपद, आणि दर वेळी एक आवाज वाढतो, म्हणजे एकानं सुरू झालेलं गाणं शेवटी सहा जणांचं होतं.

तिसरी-चौथीला तेरेमोक. रानात एक छोटं घर, उंदीर येतो, बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, प्रत्येक जण आधी विचारतो आत कोण राहतं, मग आत जातो, शेवटी अस्वल येतं आणि घर मोडतं, मग सगळे मिळून नवीन बांधतात. हे सोलापुरात बसवायला मला सगळ्यात आवडतं, कारण आपल्या वर्गात तेलुगू घरची मुलं असतात, कन्नड घरची असतात, उर्दू बोलणारी असतात, मग प्रत्येक प्राण्यानं आपल्या घरच्या भाषेत विचारायचं. उंदीर म्हणतो "आत कोण आहे?", बेडूक "लोपल एवरुन्नारु?", ससा "ओळगे यारिद्दारे?", लांडगा "अंदर कौन है?", चाल सगळ्यांची एकच. जे पोरगं वर्गात तोंड उघडत नाही ते घरची भाषा आली की खणखणीत गातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मोठ्या मुलांना वासिलिसा नावाच्या मुलीची गोष्ट द्या. आई मरताना वासिलिसाला एक बाहुली देते, बाहुलीला खाऊ घातलं आणि दुःख सांगितलं की ती मदत करते. सावत्र आई विस्तव आणायला तिला बाबा यागा नावाच्या रानातल्या जादूवाल्या म्हातारीकडं पाठवते. इथं एक सांभाळा, रशियनमध्ये बाबा म्हणजे म्हातारी बाई, आपली पोरं लगेच दाढीवाला बाबा समजतात, म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका. उच्चारताना जोर शेवटच्या "गा" वर येतो, चाल लावताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिथंच ठेवा. बाबा यागा उखळात बसून उडते, मुसळानं उखळ हाकते आणि खराट्यानं माग पुसत जाते, हे आपल्या आजीच्या घरातलंच सामान आहे! पण म्हणून तिला हडळ करून टाकू नका, बाबा यागा खायला उठते तशी मदत पण करते, हडळ म्हटलं की ते सगळं जातं.

संगीताचं बघू. बोलण्यासारख्या ओळी ओवीच्या चालीत घ्या, पेटीनं नुसता सा धरून ठेवायचा, ताल नको, पोरं आपल्या श्वासानं गातात. गाणी कहरवा नाहीतर दादऱ्यात. पट्टी, म्हणजे पेटीवरचा सा, शक्यतो काळी चार-पाच, सा च्या खाली उतरवू नका आणि वर तार गंधाराच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग च्या, पुढं ताणू नका, आवाज मोठा करायला सांगायचाच नाही कधी, शब्द स्पष्ट म्हण असं सांगा, आवाज आपोआप पोचतो. वासिलिसाला वाटेत तीन घोडेस्वार भेटतात, पांढरा म्हणजे दिवस, लाल म्हणजे सूर्य, काळा म्हणजे रात्र, तिघांना एकच चाल द्या, पहिल्याला बासरी, दुसऱ्याला ढोलकी, काळ्याला नुसती हलगी, तीही हळू. तेवढ्यानं थिएटर गप्प होतं.

बाबा यागाची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते, आणि तिला म्हणायचं असतं की रानाकडं पाठ कर, माझ्याकडं तोंड कर. बांबूचा चौकोन बांधा, त्यावर आपली सोलापुरी चादर टाका, आत दोन दणकट पोरं उभी करा, पिवळे मोजे घालून, गाणं म्हटलं की झोपडी थरथरत सावकाश वळते. उखळाला पाण्याचा जुना ड्रम कापून घ्या, काठ घासून गुळगुळीत करा नाहीतर हात कापतो, खाली चाकं लावा. बाबा यागा वासिलिसाला विस्तव देते तो डोळे पेटलेल्या कवटीत, त्या कवटीच्या कंदिलाला कुंभाराकडचं गाडगं, त्याला डोळ्यांची भोकं आणि आत छोटा टॉर्च, दिवा किंवा मेणबत्ती अजिबात नको. गोष्टीत शेवटी त्या कवटीच्या उजेडानं सावत्र आई आणि तिच्या मुली जळून जातात, काही पालक म्हणतात हे काढा, मी काढत नाही, फक्त स्टेजवर सगळे लाईट बंद करून गाडगं त्यांच्याकडं वळवतो आणि अंधार. बाबा यागा वासिलिसाला खसखशीतली माती निवडायचं काम लावते ना गोष्टीत, तिथं सगळ्या कोरसला सुपं द्या, सुपाचा आवाज हाच ताल होतो, वेगळं वाद्य लागत नाही.

तालमी दिवाळीनंतर लगेच सुरू करा, आठवड्याला तीन, एक तासाच्या वर नको. प्रयोग डिसेंबरातच उरकायचा, कारण संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली की एकही पोरगं तालमीला सापडणार नाही, आणि पुढं ऊन आणि परीक्षा. लांबी पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. पहिला प्रयोग शाळेच्या हॉलमधेच घ्या, हुतात्मा स्मृती मंदिर पुढच्या वर्षी, मोठ्या थिएटरात पोरं घाबरून ओरडायला लागतात. माईक कॉलरला लावू नका, समोर दोन स्टँडवर ठेवा आणि पेटीवाला पोरांना दिसेल असा बसवा, त्यांची नजर त्याच्या मानेवर असते.

आणि प्रयोगाच्या दिवशी आईस्क्रीम, थंड पाणी बंद, दुपारी वरण-भात. कडक भाकरी आणि शेंगा चटणी डब्यात असू द्या, पण पडदा पडल्यावर उघडायची, चटणीचा कण घशात अडकला की वासिलिसा पहिल्याच ओळीला खोकते.