व्हीएमसीवर प्रोग्राम ग्राफवर तपासताना आधी बाजूने बघा

व्हीएमसीवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर) नवा प्रोग्राम लोड झाला की ग्राफ, म्हणजे टूलच्या वाटेचे स्क्रीनवरचे चित्र, लावायचा, वरून पॉकेटचा (खोदायच्या खळग्याचा) आकार ड्रॉइंगसारखा दिसला की सायकल स्टार्ट, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. पण वरून बघताना झेडची, म्हणजे उंची-खोलीची, चूक दिसतच नाही, आणि टूल जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) घुसते ते झेडच्या चुकीने. म्हणून बाजूचे चित्र आधी.

इथे फॅनुक ०आय कंट्रोलर धरला आहे. भोसरी, चाकणपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत तो सहज भेटतो. पॅनेलवरची बटणे मशीन बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळे जागा इकडेतिकडे असू शकते. जॉब १०० बाय ८० मिमीची प्लेट, शून्य डाव्या पुढच्या कोपऱ्यात, झेड शून्य वरच्या पृष्ठभागावर.

लॉक लावा. झेड होमला (मशीनच्या ठरलेल्या मूळ जागी) न्या. मेमरी मोड घेऊन प्रोग्राम सुरुवातीला आणा आणि मशीन लॉक दाबा. एवढ्यावर थांबू नका. मशीन लॉकमध्ये फक्त अक्ष थांबतात. स्पिंडल फिरू शकतो, एम०६ (टूल बदलण्याचा आदेश) आला तर टूल चेंजरही हलू शकतो. त्यासाठी ऑक्झिलरी लॉक वेगळा लावावा लागतो. वेळ वाचवायला ड्राय रन (प्रोग्राममधल्या फीडऐवजी पॅनेलवरच्या वेगाने चालवणे) चालू ठेवा.

रेंज भरा. कस्टम-ग्राफ बटण दाबून पॅरामीटरचे पान उघडा. ‘ॲक्सीस’ (अक्ष) या ओळीत एक्सझेड, म्हणजे बाजूचे चित्र, निवडा, कोणता आकडा टाकायचा ते त्याच पानावर लिहिलेले असते. कमाल रेंज एक्स १२०, वाय १००, झेड ६०. किमान एक्स -२०, वाय -२०, झेड -३०. जुन्या कंट्रोलरवर हेच आकडे मायक्रॉनमध्ये द्यावे लागतात, म्हणजे १२० साठी १२००००. चित्र ठिपक्याएवढे आले किंवा आलेच नाही, तर आधी हे बघा.

एक्सझेडमध्ये चालवा. रॅपिडची (न कापता वेगाने सरकण्याची) रेषा तुटक येते, कटिंग फीडची (कापत जाण्याची) सलग. सायकल स्टार्ट द्या आणि तुटक रेषेवर नजर ठेवा. जॉबवर येताना ती झेड शून्याच्या खाली उतरली, तर टूल रॅपिडने धातूत जाणार आहे. उदाहरणार्थ, जी०१ (कटिंग फीड) झेड-८ हवे तिथे चुकून जी०० (रॅपिड) राहिलेले असते. वरून दोन्ही अगदी सारखेच दिसतात. भोकातून वर येणारी तुटक रेषा चालते. जी८३ मध्ये (टप्प्याटप्प्याने भोक पाडण्याच्या सायकलमध्ये) ड्रिल आधी पाडलेल्या भोकात पुन्हा रॅपिडने उतरते, तेही ठीक. रेषा एकावर एक पडून कळेनासे झाले तर सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) लावा आणि शेजारचे झेडचे आकडे वाचत पुढे जा.

जी८० (भोक पाडण्याची सायकल रद्द करणारा आदेश) लिहायचा राहिला असेल तर तोही इथेच सापडतो. जी८१ (साध्या भोकाची सायकल) नंतर तो नसला आणि पुढच्या ओळीत नुसते एक्स-वाय आले, तर तिथेही भोक पडते. चित्रात नको त्या जागी उभी रेषा दिसेल.

मग एक्सवाय, म्हणजे वरून दिसणारे चित्र. आता आकार बघा. बहुतेक मशीनच्या सेटिंगमध्ये दशांश बिंदूशिवाय लिहिलेला एक्स५० म्हणजे ०.०५० मिमी, अशी रेषा शून्याला चिकटून राहते. १८० अंशांपेक्षा मोठ्या कमानीत आरला (त्रिज्येला) उणे चिन्ह नसेल, तर टूल जवळच्या वाटेने जाते. जी९१ (आहे त्या जागेपासून मोजणे) नंतर जी९० (शून्यापासून मोजणे) परत लावला नसेल, तर चित्र पडद्याबाहेर सरकत जाते.

दुरुस्ती केलीत की ग्राफ पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवा.

लॉक काढल्यावर होम करा. ही पायरी कधीही वगळू नका. लॉक असताना स्क्रीनवरची पोझिशन पुढे जाते, टेबल मात्र जागेवरच असते. तसेच लॉक काढून सायकल दिली, तर टूल भलत्याच ठिकाणी उतरते. सगळे अक्ष पुन्हा होमला न्या; काही मशीनवर कंट्रोल बंद-चालू करावा लागतो. ड्राय रन आणि ऑक्झिलरी लॉकही काढा.

हवेत चालवा. ग्राफ प्रोग्राममधल्या आकड्यांवर चालतो. व्हाइसचा जबडा कुठे आहे, क्लॅम्प किती उंच आहे, टूल खरोखर किती लांब आहे, यातले त्याला काहीच ठाऊक नाही. जी५४ चा (जॉबच्या शून्याची जागा सांगणाऱ्या ऑफसेटचा) झेड चुकीचा भरला तरी चित्र तसेच सुंदर येते. म्हणून ऑफसेटच्या पानावर इएक्सटीच्या (जी५४ सारख्या सगळ्या ऑफसेटमध्ये मिळवल्या जाणाऱ्या ओळीच्या) झेडमध्ये अधिक ५० भरा, रॅपिड ओव्हरराइड २५ टक्के, सिंगल ब्लॉक चालू. प्रोग्राममध्ये टूल झेड ५ वर आले की फीड होल्ड दाबून थांबवा, स्पिंडल बंद करा आणि टोकापासून जॉबपर्यंत पट्टी लावा. ५५ मिमी भरले पाहिजे. ४० भरले तर त्या टूलची लांबी, एच नंबर (टूल लांबीच्या ऑफसेटचा क्रमांक) किंवा जी५४ चा झेड चुकला आहे. प्रत्येक टूलला हे मोजा, मग इएक्सटीमधले ५० काढा आणि पहिला जॉब सिंगल ब्लॉकवरच घ्या.