तलंग लंगडतेय? आधी पाय नीट बघा

तलंगेचा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीचा) एक पाय पुढं, एक मागं ताणलेला आणि ती तशीच पडून असेल, तर नुसतं कॅल्शियम पाजत बसू नका. हा मॅरेक्स असू शकतो. विषाणूमुळं होणारा, शरीरात गाठी आणणारा रोग. साधारण दीड-दोन महिन्यांपासून पुढं दिसतो. पक्षी खातो तरी वाळत जातो. कधी डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत भाग करडा पडतो, बाहुली वेडीवाकडी होते. मेलेला पक्षी फेकून न देता परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या. यकृतावर पांढुरक्या गाठी, एका मांडीतली नस दुसरीपेक्षा जाड, असं तिथं दिसतं. मोठ्या कोंबड्यांत ल्युकोसिस या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाच्याही गाठी येतात, पण त्यात पाय सहसा लुळे पडत नाहीत.

औषध नाही. खरा उपाय पिल्लू 1 दिवसाचं असतानाच दिलेली लस. आठवडी बाजारातली किंवा गाडीवरची स्वस्त पिल्लं घेताना ही लस दिलीय का, हे विचाराच. दुकानदार चिडला तरी विचारा. लस बर्फात हवी, आपल्याकडच्या उन्हात ती लगेच निकामी होते. लसीनं गाठी टळतात, विषाणूचा शिरकाव मात्र टळत नाही.

विषाणू पिसांच्या कोंड्यातून, धुळीतून पसरतो आणि शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून जुना भुसा पूर्ण काढा, जाळीवरची धूळसुद्धा धुवा, निर्जंतुक करा, मगच नवी बॅच टाका. पहिले काही आठवडे पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून लांबच ठेवा, आधी पिल्लांचं काम उरकून मग मोठ्यांकडं जा. माणसाला हा रोग होत नाही.